उघडा आवाज

अकोल्याला गेले की जिनाकडच्या रस्त्याने जायचं मी टाळते. या वेळी रिक्षावाल्याने पूल बंद आहे म्हणून तिकडूनच रिक्षा घातली आणि मी आमच्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी येऊन पोचले. जिन म्हणजे कापसाची जिनिंग फॅक्टरी; ती होती तिथे आता लॉन झालं आहे. लॉन म्हणजे लग्नं लावायची जागा. गवत प्लास्टिकचं आहे. जुन्यापैकी कापसाचं गोदाम तेवढं शिल्लक ठेवलंय, त्याला गुलाबी रंग फासलाय आणि दाराच्या दोन्ही अंगांना थर्माकोलचे हत्ती उभे केलेत. मी रिक्षा थांबवायला सांगितली. मला मळमळतंय असं वाटून रिक्षावाल्याने पाण्याची बाटली पुढे केली.

त्याचं फारसं चुकलं नव्हतं. या गोदामात आपण आयुष्यातलं सर्वांत थोर गाणं ऐकलं, असं सांगणारे पुष्कळ सुशिक्षित लोक अकोल्यात आणि अमरावतीत अजून हयात आहेत. सांगताना त्यांचे डोळे मिटतात, मान एका बाजूला कलते. मीही होते तिथे, पांढऱ्या चादरीवर मांडी घालून, पायाला मुंग्या येईस्तोवर. आणि मला ते गाणं आवडलं नव्हतं. कळलं नाही असं म्हणायची रीत आहे, म्हणजे आपण मूर्ख ठरतो आणि गवई सुखरूप राहतो. मी तसं म्हणणार नाही. मला ते रटाळ वाटलं, आजही वाटतं.

गोदामाजवळ जाऊन मी भिंतीला नाक लावलं. रंगाचाच वास आला. पूर्वी तिथे सरकीचा वास असायचा, तेलकट, उबदार, थोडा बुरसट. बाबा जिनाच्या ऑफिसात हेडक्लार्क होते आणि आम्ही मागच्या गल्लीत राहत होतो. दिवाळीच्या सुमाराला गाड्यांची रांग आमच्या दारापर्यंत यायची. बैलांच्या घुंगरांनी आणि जिनाच्या घरघरीने घरात बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून आमच्या घरात सगळेच मोठ्याने बोलत. हवेत कापसाचे तंतू तरंगत. ते ओल्या केसांना चिकटत, वरणात पडत, दुधावर बसत आणि आई ते करंगळीने बाजूला करून ग्लास आमच्या हातात देई. सकाळचा भोंगा झाला की ताई उठायची, दुसऱ्याला मी.

भुलाबाईच्या महिन्यात तर त्या घरघरीवरही मात करणारी एक गोष्ट आमच्या गल्लीत होती, ती म्हणजे ताईचा आवाज. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरी जमायच्या. पाटावर मातीची भुलाबाई आणि भुलोजी, वर ज्वारीच्या ताटांचा मांडव, हातात टिपऱ्या. बाकीच्या पोरी गात आणि त्यांच्यातून ताईचा आवाज उसळी मारून वर यायचा. मोकळा होता, रुंद होता, आणि अगदी वरच्या टोकाला त्याला बारीकशी चीर होती. नेमका तिथेच तो काळजात जायचा. गाणी संपली की खिरापत ओळखायची. झाकलेला डबा कानाशी हलवून पोरी ओरडत, “लाडू! करंज्या! भिजलेली डाळ!” पलीकडच्या घरातल्या सलमाखाला पिंजाऱ्याच्या घरच्या, गाद्या-रजया भरायचा त्यांचा धंदा. त्या भिंतीवर हनुवटी टेकवून उभ्या असायच्या. “नलू,” त्या म्हणायच्या, “एक और बोल, बेटी. मेरी रोटी जलने दे.”

मग ती वर्षं आली. गाड्यांची रांग आखूड झाली. भाव, सरकार, पाऊस, बोंडअळी यांवर मोठी माणसं ओट्यावर बसून बोलत. मला आठवतं ते एवढंच की भोंगा वाजेनासा झाला आणि आईने दुधात करंगळी घालायची सोडली. गोदाम रिकामं पडलं. सकाळच्या पेपरात पहिल्या पानावर शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या बातमीत रोज कुठल्या ना कुठल्या गावचं नाव यायचं, कधी चांदूर बाजारकडचं, कधी नांदगाव खंडेश्वरकडचं, आणि बाबा ते पान आत दुमडून ठेवायचे. पेपर ते मागच्या बाजूने वाचू लागले. तिथे मैफलींचे वृत्तांत असत. “रसिक सुरांत चिंब” असा मथळा असे. वऱ्हाडात त्या वर्षी दुसरं काहीच चिंब झालं नव्हतं.

जिनाच्या शेठजींना काम उरलं नाही तेव्हा संगीत सुचलं. त्यांनी संगीत मंडळ काढलं आणि रिकाम्या गोदामात गाणी ठेवायला सुरुवात केली. पडून राहिलेला कापूस सलमाखालांकडे पाठवून त्याच्या गाद्या भरून घेतल्या आणि त्यांवर शहरातले डॉक्टर, वकील, प्रोफेसर येऊन बसू लागले. बाबा मंडळाचे चिटणीस झाले. जिनाचं हजेरीपत्रक बंद पडलं होतं; आता ते निमंत्रणपत्रिकांवर नावं घालायचे, तीही इतक्या वळणदार अक्षरात की आपला माणूस कुठेतरी अजून कामावर जातो असं आईला वाटायचं.

आणि मग पंडितजी आले. नाव सांगत नाही, सांगितलं तर तुम्हीही कानाच्या पाळीला हात लावाल. पुण्याकडून यायचे. आल्या आल्या त्यांनी गोदामातले पंखे बंद करायला लावले, कारण हवेतला कापूस घशात जातो. मग जमिनीवर पाणी शिंपडायला लावलं. पाण्याने फरशीतला सरकीचा जुना वास उठला, तर त्यांनी नाकाला रुमाल लावला. मला त्या एकाच क्षणी हा माणूस नावडता झाला, गाणं नंतर.

गाण्याबद्दल काय सांगू? पंडितजी गायला बसले की आधी बराच वेळ नुसते खाली खाली जात, विहिरीत पडलेली बादली गळाने शोधावी तसे. एक सूर सापडे. तो सोडून देत. पुन्हा शोधत. तबलजी दोन ठोक्यांच्या मधे घाम पुसून रुमाल घडी करून ठेवू शके. तोंड वेडंवाकडं होई, हात हवेतून काहीतरी ओढून आणी, आणि जे येई ते दाबलेलं, घशाच्या मागच्या खोलीत कोंडलेलं असे. वृत्तांतांत त्याला “चिंतनशील गायकी” म्हणत. चिंतन करणाऱ्याने घरी करावं, लोकांना गादीवर बसवून कशाला करायचं, हे कोणी लिहिलं नाही.

मी पोरवयाची, मला गाण्यापेक्षा माणसं बघायची सवय लागली. दाद द्यायची एक उतरंड होती. पंडितजी समेवर आले की आधी शेठजींची मान हले. मग पुढच्या रांगेतल्या हाडांच्या डॉक्टरांच्या तोंडून “क्या बात है” निघे. मग प्रोफेसर मंडळी “अहाहा” करत. आणि सगळ्यांच्या मागून, किंचित उशिरा, बाबा. ते डोळे मिटून बसलेले दिसत, पण एक पापणी बारीक उघडी असे आणि ती शेठजींच्या मानेवर असे. शेठजींनी एकदा डास झटकायला मान हलवली तर अर्धं गोदाम “वाहवा” म्हणालं. पंडितजींनीही हात जोडले. खोटं सांगत नाही.

आई पहिल्याच गाण्यातून मधे उठून घरी आली. बाबांनी नंतर विचारलं, “काहून उठली तू? लोक पाहत होते.”

“मले भाजी टाकायची होती,” आई म्हणाली. “अन् तुमचे पंडित तं अजून घरातूनच निघाले नव्हते.”

बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. सुसंस्कृत माणूस दुखावला की असा दुखावतो.

दुसऱ्या वर्षी बाबांनी पंडितजींना आमच्या घरी जेवायला बोलावलं. आईने मोठ्या हौसेने पाटवडीचा रस्सा केला होता. त्यांनी वरची तर्री चमच्याने काढून ताटाच्या कडेला लावली आणि दहीभात मागितला. जेवण झाल्यावर बाबा ताईला म्हणाले, “नलू, म्हण काही पंडितजींसमोर.” ताई सतरा-अठराची असेल. तिला भुलाबाईच्या गाण्यांखेरीज काही येत नव्हतं, तेच तिने म्हटलं. तिचा आवाज छपराला लागला. पलीकडे भिंतीवर सलमाखालांची हनुवटी आलीच.

पंडितजी सुपारी चघळत ऐकत होते. गाणं संपल्यावर म्हणाले, “देणगी आहे. पण आवाज फार उघडा आहे. शेतात हाक मारायचा आवाज आहे हा. बंद करून घ्यावा लागेल.”

“मी करतो जी बंद,” ताई घाबरून म्हणाली. आमच्याकडे बायकाही ‘करतो’, ‘जातो’ म्हणतात. पंडितजी मोठ्याने हसले. “मुलगी आहेस ना? मग ‘करते’ म्हण. आधी तिथून सुरुवात कर.” बाबाही हसले. बाबांना जन्मभर आईच्या तोंडून ‘करतो’ ऐकून हसू आलं नव्हतं, त्या दिवशी आलं. मला आजही तो प्रसंग आठवला की अंगाचा तिळपापड होतो.

गंडाबंधन गोदामातच झालं. लाल-काळा दोरा, गूळ, भिजवलेले हरभरे, उदबत्त्यांचा धूर. गुरूने दोरा बांधला, शिष्याच्या तोंडात गूळ-हरभरा घातला की ते नातं पक्कं. पंडितजी जाता जाता म्हणाले, “आता परवानगीशिवाय कुठे गायचं नाही.” गवयांच्या जगात हे वाक्य सगळ्यांना म्हणतात, त्याचा अर्थ एवढाच की जलसे स्वीकारत सुटू नका. पण आम्ही पडलो जिनाच्या गल्लीतले. हेडक्लार्क माणसाने साहेबाचा हुकूम जसा पाळावा तसा बाबांनी तो पाळला. ताईने भुलाबाईत गायचं नाही. कोणाच्या हळदीत गायचं नाही. भाकऱ्या थापताना गुणगुणायचंसुद्धा नाही. त्या आश्विनात पोरी टिपऱ्या घेऊन दारात आल्या तेव्हा बाबा ओट्यावर जाऊन म्हणाले, “नलूले परवानगी नाही, बाई हो.” पोरी जरा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या. ताई आत तानपुऱ्यापाशी बसली होती. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

दर रविवारी बाबा तिला अमरावतीला नेत, पंडितजींच्या पट्टशिष्याकडे. मूर्तिजापूर, बडनेरा, मग अमरावती. एसटीच्या खिडकीतून नुसती काळी शेतं, आणि कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या. कधी कधी मीही जायची. शिष्य राजापेठेकडे एका जिन्याखालच्या खोलीत शिकवीत. त्यांचा आवाज हुबेहूब पंडितजींसारखा होता. त्यांच्या सगळ्या शिष्यांचाही. पंडितजी समेच्या आधी ‘हं’ करून घसा साफ करीत, दम्याची काही तक्रार होती म्हणे, तर ती सगळी धडधाकट पोरं-पोरीही समेच्या आधी ‘हं’ करीत. एक बारा वर्षांची पोरगी दम्याचं गाणं गायची आणि तिची आई कौतुकाने इकडेतिकडे बघायची. मी हसू दाबायला जिन्यावर जाऊन बसत असे.

ताई मात्र हसत नसे. पहाटे उठून ती खर्ज लावायची, खालचा तो घोगरा सूर, भोंग्याच्या वेळेला. वरच्या टोकाची ती चीर लोणच्याच्या बरणीचं तोंड फडक्याने बांधावं तशी तिने हळूहळू बांधून टाकली. तीन-चार वर्षांत तिचा आवाज चापूनचोपून बसला. अमरावतीला “मी करते” आणि घरी “मी करतो”, अशा तिच्या दोन बोली झाल्या होत्या. आवाज मात्र एकच उरला होता.

शेवटी मंडळाने तिचं गाणं ठेवलं. दिवेलागणीची वेळ होती. शेठजी, डॉक्टर, प्रोफेसर, सगळे. आई पहिल्या रांगेत, नव्या लुगड्यात, या वेळी उठायचं नाही असं ठरवून बसलेली. बायकांच्या बाजूला सलमाखाला, बुरखा मागे टाकून. ताई गायला बसली आणि पंडितजीच गाऊ लागले. तीच विहीर, तीच बादली, तेच तोंड वाकडं, समेच्या आधी तेच ‘हं’. शेठजींची मान हलली. “क्या बात है!” डॉक्टर म्हणाले. बाबांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या दिवशी ते कोणाच्या मानेकडे बघत नव्हते. त्यांच्याकडे बघून मला रागावता आलं नाही. जिन गेला होता, नोकरी गेली होती, भोवतालची सगळी दुनिया खचत होती आणि त्यांच्या पोरीला डॉक्टर “क्या बात है” म्हणत होते.

गाणं झाल्यावर प्रोफेसर बाबांना म्हणाले, “डोळे मिटले तर पंडितजीच!” याहून मोठी स्तुती त्यांच्याकडे नव्हती. एका पोरीचा आवाज पुरता नाहीसा झाला आणि त्याबद्दल तिचं अभिनंदन चाललं होतं. सलमाखाला ताईजवळ आल्या, तिच्या गालावरून हात फिरवला आणि खरोखरच काळजीने विचारलं, “तबियत ठीक नहीं क्या, बेटी? आवाज नहीं निकल रही थी आज.” ताई हसली. घरी येऊन जेवली नाही.

पुढच्या वर्षी पंडितजी आले तेव्हा ताई नमस्काराला वाकली. त्यांनी आशीर्वादाचा हात ठेवला आणि बाबांना विचारलं, “ही कोण?” बाबांनी हसत हसत सगळी आठवण करून दिली, जणू विसरणं हाही थोरपणाचाच भाग. मंडळ नंतर बंद पडलं, गोदाम विकलं गेलं, पंडितजी गेले, त्यांच्यावर पुरवण्या निघाल्या. बाबाही गेले. जाण्याआधी त्यांनी ताईच्या दारावर संगीत वर्गाची पाटी लावून दिली होती, स्वतःच्या हाताने रंगवून.

रिक्षा त्या पाटीखाली थांबली. ताई आता चाळिशीच्या पुढे आहे. पुढच्या खोलीत तानपुरा, भिंतीवर पंडितजींचा मोठा फोटो, त्याला चंदनाचा हार. मी चपला काढते तोवर एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी आठ-नऊ वर्षांची, पुढचे दोन दात मोठे. बाई म्हणाल्या, “मॅडम, टीव्हीवरच्या स्पर्धेसाठी तयार करायचं आहे हिले. फाउंडेशन तुमच्याकडेच करायचं, असं सगळे म्हणतात.”

“म्हण बेटा काहीबी,” ताई म्हणाली.

मुलीने कुठलंतरी सिनेमातलं गाणं म्हटलं. गाणं टाकाऊ होतं. पण आवाज असा सुटला की खिडकीच्या काचा थरथरल्या, आणि मी बसल्या जागी ताठ झाले. मी ताईकडे पाहिलं. तिने तानपुऱ्यावर हात ठेवला होता, तारा दाबून धरल्यासारखा.

“मी नाई शिकवत हिले,” ती म्हणाली.

बाईंचा चेहरा उतरला, मग चढला. “काहून मॅडम? काय खोट आहे माझ्या पोरीच्या आवाजात?”

“काहीच नाई. घरी घेऊन जा. गाऊ द्या तिले. कोणाकडेच नका नेऊ.”

“असं कसं? बिनाशिकल्याचं कोणी विचारते का?”

बाई पोरीचा दंड धरून उठल्या आणि दारातच मोबाईलवर कोणाला तरी म्हणाल्या की बापा, इथं तं लयच भाव खाऊन राहिले, रविवारी अमरावतीलेच नेऊन पाहू. फाटक आपटलं. पोरगी जाता जाता पुन्हा तेच गाणं म्हणत होती, गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू येत होतं.

मला राहवलं नाही. इतकी वर्षं ताईसमोर जी गोष्ट मी कधी उच्चारली नव्हती ती फोटोकडे बोट करून बोलले. म्हटलं, “ताई, तुला वाईट वाटेल, पण या माणसाचं गाणं मला एक दिवस, एक मिनिट आवडलं नाही.”

तिने तानपुऱ्याला गवसणी घातली, नाडी बांधली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुले आवडत नव्हतं हे तं सगळ्या गल्लीले मालूम होतं. मले आवडत नव्हतं, हे कोणालेच मालूम नाई.”